दुरुस्तीचा रकाना

गुरुवार, १५ मार्च

सतरा नंबर, खूण सहा : ०.९. अहवालात ०.६ लिहिलं. उरलेले ०.३ दुरुस्तीच्या रकान्यात.

चार वाजता शिन मास्तरांचा फोन. रोजचाच प्रश्न – "शाओबाई, तुमचं किती?" म्हटलं, शून्य पॉइंट सहा. थोडं थांबून म्हणाले, "माझंही तेवढंच." पाचच्या आत दोघांचे अहवाल गेले. कुणी काही विचारलं नाही.

एकच गल्ली, भिंतींत ठोकलेल्या त्याच पितळी खुणा, मोजणारी पथकं दोन. मास्तर मेट्रोचा बोगदा खणणाऱ्या बांधकाम कंपनीचे. मी त्यांच्यावर नजर ठेवायला नेमलेली. आणि घर किती मिलिमीटर खचलं ते आम्ही रोज एकमेकांना विचारून लिहितो. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसेल. आम्हाला हसू येत नाही. सवय झाली.

पाय दुखतात. कालचाच भात, खारवलेल्या खेकड्याबरोबर.

शनिवार, १७ मार्च

वरच्या बोगद्याचं यंत्र आज आठ रिंगा – काँक्रीटची आठ कडी – पुढे सरकलं. सतरा नंबरपासून अजून पावणेदोनशे मीटर.

गल्ली इतकी अरुंद की दोन बोगदे शेजारी-शेजारी बसेनात. एका अंगाला सतरा नंबरची इमारत, दुसऱ्या अंगाला कालवा. म्हणून एकावर एक घेतले. खालचा हिवाळ्यात झाला, वरचा आता. दोघांच्या मधे सव्वादोन मीटर माती. माती आपली म्हणायची – आमच्या निंगबो शहराची माती म्हणजे सैल मळलेलं पीठ. हिवाळ्यात ती खालून ढवळली. ती नीट बसायच्या आत आता वरून ढवळतोय.

मंगळवार, २० मार्च

सतरा नंबरच्या चौथ्या मजल्यावर बाओ आजींच्या घरात तडा मोजायला गेले. तड्यावर चिकटवलेली काचपट्टी शाबूत आहे, म्हणजे तडा रुंदावलेला नाही. स्वयंपाकघराचं दार मात्र मिटत नाही. आजींनी रंधा मारून वरची कड तासली आहे. भुसा झाडून एका डब्यात ठेवलाय, शेगडी पेटवायला.

"कधी तासलं?" विचारलं.

"पहिल्यांदा नव्या वर्षानंतर. हे दुसऱ्यांदा."

आत त्यांचे यजमान पलंगावर. सहा वर्षं झाली, अंगाची एक बाजू गेलेली. खिडकीतून कालव्यावरच्या होड्या बघतात. मला बघून त्यांनी डावा हात किंचित उचलला.

आजी म्हणाल्या, "तुम्ही रोज ते तिपाईवरचं यंत्र घेऊन खाली उभ्या असता. यंत्र काय म्हणतं?"

म्हटलं, मर्यादेत आहे.

"मर्यादा किती?"

"वीस मिलिमीटर. सध्या बारा आहे."

"म्हणजे माझं दार खोटं बोलतंय," आजी म्हणाल्या. रागाने नाही. कोथिंबीर महाग झाली म्हणावं तसं.

बुधवार, २१ मार्च

दार डोक्यातून जात नाही. पण दाराचं काय, पावसाळी हवेत लाकूड फुगतं. असं स्वतःला सांगितलं.

दुरुस्तीचा रकाना कसा सुरू झाला ते एकदा लिहून ठेवते. अकरा जानेवारी. खालचं यंत्र गल्लीखाली होतं. माझ्या मोजणीत एका दिवसात साडेतीन मिलिमीटर आले, मास्तरांच्या मोजणीत अर्धा. मी धोक्याची सूचना पाठवली. यंत्र थांबवलं. नऊ तास बैठक. शेवटी कळलं, जिथून मोजायला सुरुवात करतो त्या पक्क्या खुणेवर आमच्या उभ्या मोजपट्टीच्या तळाला चिखल चिकटला होता. तीन मिलिमीटर चिखल! आणि यंत्र नऊ तास उभं राहिल्यामुळे जमीन खरोखरच दोन मिलिमीटर खचली. असल्या मातीत उभं यंत्र चालत्या यंत्रापेक्षा वाईट.

बैठकीत प्रकल्पाचे मॅनेजर तोंग सगळ्यांसमोर म्हणाले, "वीस वर्षं मोजणी करणाऱ्या बाईंना पट्टी पुसायला कुणी शिकवलं नाही का?" लोक हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "यापुढे पाठवायच्या आधी एकमेकांना विचारत जाऊ. माझी काही चूक असेल तर तुम्ही धराल, तुमची असेल तर मी."

चांगल्या मनानेच म्हणाले असतील.

तेव्हापासून माझा आकडा मोठा आला की हात आखडतो. चिखल असेल. ऊन असेल. शेजारून ट्रक गेला असेल. थोडं कमी करून फोनवर सांगते. आणि मास्तर म्हणतात, माझंही तेवढंच! म्हणजे कमी केलेलाच खरा निघतो. मग दुसऱ्या दिवशी हात आणखी आखडतो.

सोमवार, २६ मार्च

आज खालच्या बोगद्यात उतरले. वरचं यंत्र बरोबर डोक्यावर होतं. वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवतंय असा आवाज. खालच्या रिंगांना आतून आधार द्यायला चाकांवरची लोखंडी चौकट आहे. वरचं यंत्र जसं पुढे जातं तशी ही खालून पुढे ढकलत न्यायची. दोघांनी फोनवर पावलं जुळवायची. आज वरच्यांनी सांगायला उशीर केला, चौकट सहा मीटर मागे राहिली.

खालचा बोगदा चार मिलिमीटर वर आला आहे. डोक्यावरची माती निघाली की ओझं जातं आणि तो उठतो. त्याच वेळी रस्ता आणि घरं खाली जातात. मधली सव्वादोन मीटर माती दोन्हीकडून दळली जाते.

पट्टी धरणारा दाय माझ्याबरोबर होता. पूर्वी जौशानच्या मासेमारी बोटींवर होता, पन्नाशीचा आहे. म्हणाला, "बाई, वरचा उठवतो, खालचा उठतो आणि मधल्याला कुणी विचारत नाही. माझ्या सासुरवाडीसारखं झालं."

खूप दिवसांनी हसले.

गुरुवार, २९ मार्च

दायला सहज विचारलं, शिन मास्तर गल्लीत मोजताना कधी दिसतात का?

"मला तर नाही दिसले. आपण आठला येतो, पाचला जातो. त्या वेळात मास्तर शेडमध्ये चहा पीत असतात."

"मग मोजतात कधी?"

"चार वाजता. तुम्हाला फोन करून."

तो थट्टेत म्हणाला. मी थट्टेत घेऊ शकले नाही. अडीच महिने ते रोज आधी मला विचारतात, आणि मग माझंही तेवढंच. एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही. दोन माणसांनी दोन यंत्रांनी मोजलं तर दशांशाचा फरक पडायलाच हवा. हे मला आधी का सुचलं नाही? सुचलं असेल. सुचू दिलं नसेल.

निवृत्तीला तीन महिने राहिलेत त्यांचे. डोळ्यांनी आकडा वाचायच्या जुन्या काचेच्या यंत्राला कवटाळून बसलेत, नवं घेत नाहीत.

शुक्रवार, ३० मार्च

बाओ आजींनी दार तिसऱ्यांदा तासलं.

आज त्या स्वतःच खाली आल्या. चार जिने उतरून, कठड्याला धरून. मी यंत्राला डोळा लावून होते. मोजणी संपेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, मला मिलिमीटर कळत नाहीत. आम्हाला जावं लागणार असेल तर आदल्या दिवशी सांग. ऐन वेळी सांगू नकोस. यांना खाली न्यायला चार माणसं लागतात आणि हे घाबरतात. घाबरले की श्वास अडकतो."

म्हटलं, सांगेन.

"खालच्या मजल्यावरच्यांना नेतील आधी. बावीस घरं आहेत. चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याकडे शेवटी वळतील सगळे. म्हणून म्हणते."

बोगद्याचं यंत्र पाच-सहा तारखेला सतरा नंबरखाली येतंय.

रविवार, १ एप्रिल

दुरुस्तीच्या रकान्याची बेरीज केली. आजवर केली नव्हती. विसरले नव्हते – मुद्दामच केली नव्हती.

६.४.

अहवालात खूण सहाचा एकूण आकडा १५.५. खरा २१.९. मर्यादा वीस.

पुढच्या बाजूच्या खुणा जास्त, मागच्या कमी. घर गल्लीकडे झुकतंय. आजींचं दार बरोबर तेच सांगत होतं.

दोनदा बेरीज केली. मग तिसऱ्यांदा, उलट्या बाजूने. तेच. जेवले नाही. थकवाही आला नाही, आणि याचीच भीती वाटली.

सोमवार, २ एप्रिल

मॅनेजर तोंग यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, भुईमुगाच्या शेंगा सोलत.

"यंत्र थांबवू?" त्यांनी विचारलं.

"नको. आता थांबवलं तर जानेवारीसारखं होईल. याहून जास्त."

"मग माझ्याकडून काय हवंय?"

"लोकांना बाहेर काढा. यंत्र जाईपर्यंत."

"बावीस घरं. सणाच्या तोंडावर. कशाच्या आधारावर? वॉर्डाचं कार्यालय मला विचारेल, अहवाल दाखवा. अहवालात साडेपंधरा आहे. तुमच्याच सहीचा." सोललेली शेंग त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "बाई, जो आकडा अहवालात नाही तो माझ्याकडे नाही."

तर्क बरोबर होता त्यांचा. म्हणूनच जास्त लागला.

मंगळवार, ३ एप्रिल

सकाळी पट्टीचा तळ तीन वेळा पुसला. दायने चौथ्यांदा स्वतःच पुसला.

खूण सहा, एकूण : २२.४.

चार वाजता फोन. "शाओबाई, तुमचं किती?"

म्हटलं, "मास्तर, आज मी दुरुस्ती काढून टाकणार आहे. आजची आणि मागचीही. एकूण बावीस पॉइंट चार."

पलीकडे चहाचा पेला ठेवल्याचा आवाज. मग, "दुरुस्ती? कसली दुरुस्ती?"

जसं काही माहीतच नाही! मी म्हटलं, फेब्रुवारीपासून मी थोडं कमी करून सांगत होते.

त्यांनी विचारलं, "रोज?"

"बहुतेक रोज."

"बरं," म्हणाले. फोन ठेवला.

पावणेपाचला अहवाल पाठवला. शेरा लिहिला – मर्यादा ओलांडली, यंत्र थांबवू नये, रहिवाशांना तातडीने हलवावं. साडेचारलाच मास्तरांचा अहवाल जाऊन पडला होता. खूण सहा : २२.३.

दशांश तेवढा बदलला. सहा मिलिमीटरचं अंतर त्यांनी अर्ध्या तासात, खुर्चीतून न उठता पार केलं. म्हणजे माझा संशय खरा. हा माणूस मोजतच नव्हता. मी चुकत होते आणि तो माझी चूक उतरवून घेत होता.

दोन्ही आकडे मर्यादेबाहेर म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही. सहाला वॉर्डाच्या कार्यालयातून निरोप आला. उद्या सकाळपासून घरं रिकामी.

जाऊन बाओ आजींना सांगितलं. आदल्या दिवशी.

त्या म्हणाल्या, "बरं झालं." आणि यजमानांचे मोजे शोधायला लागल्या.

बुधवार, ४ एप्रिल

छिंगमिंग, पूर्वजांच्या थडग्यांचा सण. शहर थडगी झाडायला गेलंय आणि आम्ही एक घर रिकामं करतोय. आईच्या थडग्यावर या वर्षीही ताईच एकटी गेली. फोनवर म्हणाली, "तुझ्या वाटची उदबत्ती लावली. आईला सांगितलं, ती जमिनीला टेकू द्यायला गेली आहे."

सगळ्यांत आधी चौथा मजला. हे मी अडून करून घेतलं. वेताच्या खुर्चीत बसवून म्हाताऱ्यांना उतरवलं – दाय, दोन कामगार आणि चौथ्याच्या जागी मी. दायने वाटभर बोटीच्या गोष्टी सांगितल्या. लाट आली, आता डावीकडे कलायचं, आता सावकाश. दुसऱ्या मजल्यावर म्हाताऱ्यांचा श्वास अडकला. खुर्ची टेकवून थांबलो. आजींनी त्यांच्या छातीवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "होडी थांबली आहे. बघा, थांबली." मग हळूहळू सुटला.

बसमध्ये बसताना आजींनी मला हिरव्या पालेभाजीच्या रसातले पिठाचे दोन गोळे दिले, पानात गुंडाळलेले. "सणाचे. खाऊन घे. चेहरा बघ."

पाचला शेवटचं कुटुंब गेलं. खिडक्या बंद, दोऱ्यांवर कपडे नाहीत. घर एकदम म्हातारं दिसायला लागलं.

शुक्रवार, ६ एप्रिल

यंत्र सतरा नंबरखालून गेलं. एकदाही थांबलं नाही. दर दोन तासांनी मोजलं. २६. २९. ३४.

सकाळी अकराच्या सुमाराला जिन्याचा भाग मुख्य भिंतीपासून सुटला. आवाज मोठा नव्हता. जाड कापड फाडल्यासारखा, आणि मग बराच वेळ विटांची भुकटी. फटीत माझा हात कोपरापर्यंत जातो.

घर उभं आहे. जिना वापरता येणार नाही. कुणी घरात असतं तर त्याच जिन्याने पळालं असतं.

शनिवार, ७ एप्रिल

झोपले. फक्त झोपले.

बुधवार, ११ एप्रिल

चौकशी. तिघं आले होते, त्यांतली एक बाई माझ्याच वयाची. पहिला प्रश्न सरळ – एका दिवसात दोन्ही अहवालांत जवळजवळ सात मिलिमीटरची उडी कशी?

मी सगळं सांगितलं. रकाना दाखवला. माझ्या यंत्रात रोजची मूळ मोजणी आपोआप साठते, ती काढून दिली. बाईंनी चाळली. म्हणाल्या, "मूळ मोजणी प्रामाणिक आहे. कमी करून लिहिणं हा गुन्हाच. पण शेवटी तुम्हीच उघड केलं आणि वेळेत केलं." मॅनेजर तोंगसुद्धा मान डोलवत होते. त्या दिवशीच्या शेंगांबद्दल कुणी काही बोललं नाही.

मग विचारलं, आणि कंपनीची मोजणी? तीही नेमकी तेवढीच कमी कशी?

मी म्हटलं, "माझ्या मते शिन मास्तर मोजतच नव्हते. माझा आकडा विचारून लिहीत होते."

ते समोरच बसले होते. चष्मा काढून पुसत राहिले. त्यांना विचारलं, काही सांगायचंय?

"नाही," म्हणाले. "शाओबाईंचे आकडे बरोबर आहेत."

शुक्रवार, १३ एप्रिल

बाओ आजींना भेटायला, रहिवाशांना ठेवलंय त्या हॉटेलात गेले. म्हातारे खिडकीकडे तोंड करून होते. खिडकीबाहेर दुसऱ्या हॉटेलची भिंत. आजी म्हणाल्या, "रोज विचारतात, होड्या कुठे गेल्या. मी म्हणते, ओहोटी आहे."

घरी परत कधी जायला मिळेल ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बहुधा पाडावं लागेल.

निघताना जिन्यापर्यंत आल्या. शेजारणीला म्हणाल्या, "हीच ती. हिने वाचवलं आम्हाला."

गुरुवार, १९ एप्रिल

शिन मास्तरांना कामावरून काढलं. निवृत्तीला अडीच महिने असताना. मोजणी न करता खोटे अहवाल दिले, असं पत्रात लिहिलंय म्हणे. मला लेखी ताकीद. बस, तेवढंच.

दाय म्हणाला, "म्हातारा जाताना शेड झाडून गेला."

मी म्हटलं, झाडायला वेळ होता तर मोजायलाही असता. दाय पट्टी पुसायला लागला. आपण जरा जास्त बोललो असं वाटलं. पण खोटं काय त्यात?

आज खूण सहा स्थिर. ३८.२ वर थांबली आहे. चार वाजता फोन वाजला नाही. हात आपोआप त्याच्याकडे गेला होता.

मंगळवार, २४ एप्रिल

कंपनीच्या शेडमधले कागद नोंदीसाठी माझ्याकडे आले. त्यांत मास्तरांच्या चार वह्या. पेन्सिलीचं बारीक अक्षर, प्रत्येक पानावर वेळ – पहाटे पाच ते साडेसहा, रस्त्यावर ट्रक यायच्या आधी. एकही दिवस गाळलेला नाही.

९ फेब्रुवारी, खूण सहा : ०.८. त्यावर एक रेघ. खाली ०.५.

यंत्रातली माझी त्या दिवसाची मूळ मोजणी काढून पाहिली. ०.८. पुढचा दिवस पाहिला. त्याच्या पुढचा. पन्नास दिवस पाहिले. कुठेही दशांशाहून जास्त फरक नाही.

९ फेब्रुवारीच्या पानाच्या कडेला लिहिलंय – "शाओ ०.५ म्हणते. तिचं यंत्र नवं आहे. माझेच डोळे गेले असावेत. कुणाला कळू नये."